एमआयडीसीचं भंगार कलाकुसरीसाठी कुठं, कधी आणि कसं घ्यावं?

प्रश्न परभणीच्या एका कलाशिक्षिका ताईंचा आहे. आजवर त्यांनी माती, कागद आणि काचेत काम केलं. आता कारखान्यांतल्या टाकाऊ धातूपासून दिवे, घड्याळं आणि भिंतीवरच्या चौकटी करायचं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी दोनदा संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत जाऊन आल्या. कंपनीच्या गेटवरून वॉचमननं परत लावलं, आणि रस्त्याकडेच्या भंगाराच्या दुकानात गंजक्या सळया नि फुटक्या बादल्यांशिवाय काही दिसलं नाही. चांगला माल मिळतो कुठं, भाव काय असतो आणि फसगत कशी टाळायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही साखळीच्या दोन टोकांना जाऊन आलात. आपलं काम मधल्या कडीपाशी असतं.

मी वाळूजच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे नि डाय बनवायच्या विभागात, अकरा वर्षं फिटर होतो. त्यानंतरची चौदा वर्षं त्याच भागातलं भंगार घेऊन दिवे नि ट्रॉफ्या करतोय. त्यामुळं माल मशीनखाली पडतो कसा आणि पुढं जातो कुठं, हे दोन्ही पाहिलंय. प्रेसशॉपमध्ये, म्हणजे जिथं पत्रा दाबून कापतात तिथं, पत्र्यातून पार्ट तुटून पडतो, उरलेला पत्रा बिनमध्ये, भंगाराच्या पेटीत जातो. बिन भरली की वर्षाचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराची गाडी येते, गेटवर वजन होतं, गेटपास फाटतो. तिथून माल एमआयडीसीच्या कडेच्या गावांतल्या गोदामात. गोदामात बायामाणसं बसून निवड करतात: लोखंड वेगळं, स्टेनलेस वेगळं, जर्मन वेगळं. (आपल्याकडं ॲल्युमिनियमला अजून जर्मनच म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा, लवकर समजतं.) मग पातळ पत्रा दाबयंत्रात घालून त्याचे चौकोनी गठ्ठे करतात आणि ट्रक भरून जालन्याला. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार कितीही आलं तरी कमीच पडतं. तिथं ते वितळतं आणि त्याच्या सळया होतात, घराच्या स्लॅबमधल्या.

म्हणजे गोदामात निवड होते ते दोन-तीन दिवस आपले. त्याआधी माल कंपनीचा, त्यानंतर भट्टीचा. गेटवर ठेकेदारासोबत करार असतो, सिक्युरिटीच्या हातात काही नसतं, तिथं विनवण्या करून उपयोग नाही. रस्त्याकडेच्या दुकानात येतं ते घरोघरचं भंगार, त्यात कारखान्याचा माल क्वचितच. वाळूजमध्ये छोट्या पंढरपूरच्या, रांजणगावच्या बाजूला आत शिरा आणि जिथं मोठा काटा नि निवडायला बसलेली माणसं दिसतील तिथं थांबा. बाहेर गठ्ठे रचलेले दिसले तर समजा, आतला माल आजच निघणार.

आता काय शोधायचं ते सांगतो, कारण सगळे नवखे इथंच चुकतात. ते गोदामात ‘वस्तू’ शोधायला जातात. एखादं मोठं गियर, जुनी पितळी तोटी, एखादा सुंदर व्हॉल्व्ह. सापडतो एकच. त्याचं एक घड्याळ होतं, लोकांना आवडतं, दुसऱ्यानं मागितलं की तुमच्याकडं उत्तर नसतं. कारखान्याच्या भंगाराची खरी ताकद ही की तिथं एकच आकार हजारदा पडतो. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती दुचाकीचे पार्ट करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ती मशीनं एकच ब्रॅकेट, एकच वॉशर, एकच चकती वर्षानुवर्षं काढतात. म्हणजे त्यातून उरणारी पट्टीही तीच, तशाच भोकांची, वर्षानुवर्षं. एक असा आकार शोधा जो दर महिन्याला पुन्हा येणार आहे, आणि मग त्याच्याभोवती डिझाइन करा. डिझाइन आधी ठरवून मग त्याला भंगार शोधत हिंडणं हा पेट्रोल जाळायचा धंदा आहे.

उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी मला लेझर कटिंगचा सांगाडा मिळाला. लेझरवर मोठ्या पत्र्यातून पार्ट कापून निघाले की मागं जी जाळी राहते तिला सांगाडाच म्हणतात, किंवा स्केलेटन. 2 मिमीचा पत्रा, त्यातून कसली तरी क्लिपं कापून गेलेली, आणि उरलेली भोकं थेट पोपटाच्या चोचीसारखी. एकाआड एक उलटी-सुलटी, कारण पत्रा वाचवायला संगणक पार्ट तसेच बसवतो. गोदामात ते अंगावर येणारं, काठ करवतीसारखे असलेलं जडशीळ धूड होतं. मी त्याचा दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा कापून भिंतीपासून चार बोटं पुढं उभा केला आणि मागून पिवळा बल्ब लावला. भिंतीवर पोपटांचा थवा बसला. तोच सांगाडा आजही महिन्यातून एकदा त्या गोदामात येतो, आणि मालक मला फोन करतो.

त्या तुकड्याचा हिशेबही बघा, भाव कळायला सोपं जाईल. लोखंडाची घनता घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम. म्हणजे 1 मिमी जाडीचा एक चौरस फूट पत्रा साधारण 730 ग्रॅम भरतो. सहा चौरस फूट, 2 मिमी, म्हणजे अख्खा पत्रा पावणेनऊ किलो. त्यातला साठ टक्के भाग भोकांत गेला, उरले साडेतीन किलो. लोखंडी भंगाराचा भाव तिशी-चाळिशीत धरला तर शंभर ते एकशेचाळीस रुपयांचा माल. हा भाव रोज हलतो, जालन्याच्या भट्ट्या काय देतात त्यावर सगळ्या मराठवाड्याचा लोखंडाचा दर ठरतो. गोदामवाल्याच्या मोबाईलवर तो सकाळीच आलेला असतो. लोखंडाच्या वर स्टेनलेस, त्याच्या वर जर्मन, मग पितळ, सगळ्यात वर तांबं. हा क्रम सहसा मोडत नाही.

घासाघीस करू नका, हा माझा सल्ला बऱ्याच जणांना पटत नाही. पण विचार करा. गोदामवाल्याचा धंदा टनावर चालतो. तुम्ही पंधरा किलो घेणार, त्यासाठी तो ढीग उपसू देणार, माणूस देणार, काटा अडवणार. पहिल्यांदा गेलो तेव्हा काट्यावरच्या चाचांनी मला विचारलं होतं, “वजन का माल चाहिए की डिझाइन का?” मला वाटलं, हा डिझाइनच्या नावाखाली लुटणार. मी ऐटीत म्हणालो, “वजन का.” त्यांनी ढिगाकडं बोट दाखवलं आणि चहा प्यायला निघून गेले. तीन तास उपसून मी चार कामाच्या वस्तू काढल्या आणि हात कापून घेतला. आता मी भट्टीच्या भावावर किलोमागं दहा-पंधरा रुपये जास्त देतो. त्या बदल्यात माझा आकार दाबयंत्रात जाण्याआधी बाजूला निघतो. निवडायला बसणाऱ्या मावशींना एकदा नमुना हातात देऊन ठेवा. मालकापेक्षा त्यांची नजर तयार असते, आणि आपल्यासारख्या दोघा-तिघांचे नमुने त्या खिळ्याला अडकवून ठेवतात.

वेळ कोणती? महिनाअखेर बरी, कारण कंपन्या बिनी मोकळ्या करतात. पण वर्षातला खरा हंगाम खंडेनवमीच्या आधीचा आठवडा. दसऱ्याला मशीनची पूजा करायची म्हणून सगळी शॉपं धुऊनपुसून काढतात, आणि कोपऱ्यात पाच-पाच वर्षं पडलेले फिक्स्चर, जुनी गेजं, मोडके डाय, बंद मशीनच्या चक्र्या त्या आठवड्यात बाहेर पडतात. पावसाळ्यात मात्र घेऊ नका. उघड्यावरच्या ढिगात पाणी नि चिखल असतो, आणि तो तुम्ही लोखंडाच्या भावानं घरी नेता.

परभणीतच राहून काय मिळेल, तेही सांगतो, कारण निम्म्या कामाला वाळूजची गरजच नाही. तुमच्या गल्लीतल्या दुचाकीच्या गॅरेजवाल्याकडं जा. चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग आणि क्लचप्लेटी तिथं डब्यानं पडलेल्या असतात. क्लचच्या प्लेटी दोन जातीच्या: साध्या स्टीलच्या, आतल्या कडेला दाते असलेल्या, आणि दुसऱ्या तपकिरी अस्तराच्या. आपल्याला पहिल्या हव्यात. दोन-तीन एकमेकींवर थोड्या फिरवून ठेवल्या की आतल्या दात्यांची नक्षी उमटते, घड्याळाच्या तबकडीला याहून स्वस्त नि सुबक काही नाही. अस्तराच्या प्लेटी आणि ब्रेकशू उचलू नका. जुन्या मालाच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. ते नुसतं पाहून ओळखता येत नाही, आणि घासलं की धूळ थेट फुफ्फुसात.

परभणी, मानवत, सेलू हा सगळा कापसाचा पट्टा. जिनिंगच्या हंगामानंतर देखभालीत पट्ट्या, चाकं, साखळ्या निघतात, गाठी बांधायच्या पोलादी पट्ट्याही मिळतात. त्या स्प्रिंगसारख्या उसळतात, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय सोडवू नका. तिथंच चामड्याच्या गोल चकत्या ढिगानं दिसतील, रोलरवरच्या. दिसायला सुंदर, मधून भोक, रंग निळसर-करडा. मुलांच्या कामाला म्हणून न्यायचा मोह होईल. ते क्रोमनं कमावलेलं चामडं असतं, आणि त्याची धूळ चांगली नाही. कापायची, घासायची असेल तर नकोच.

साखर कारखान्यांचं वेगळं. गाळप साधारण उन्हाळा लागता लागता संपतं, मग दुरुस्ती सुरू होते आणि रस तापवायच्या भांड्यांतल्या जुन्या नळ्या बदलतात. जुन्या कारखान्यांत त्या पितळी असायच्या. ही विक्री निविदेनं होते, टनाटनानं, आपल्याला परवडत नाही. पण ज्यानं निविदा घेतली त्याच्या गोदामातून आठ-दहा किलो सुटी मिळते. पितळी नळीचे बोटभर तुकडे कापून, आत एलईडीची माळ सोडून मी जी झुंबरं केली, ती माझ्या आजवरच्या कामातली सगळ्यात जास्त विकली गेली. एसटीचंही तसंच. महामंडळाच्या जुन्या गाड्या नि सुटे भाग ई-लिलावात जातात, एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत. ही कंपनी 1964 साली भंगाराच्या व्यवहारासाठीच निघाली. तुम्ही बोली लावायच्या भानगडीत पडू नका, लॉट उचलणाऱ्याला गाठा.

संभाजीनगरला जाफरगेटचा रविवारचा बाजार आहे. तिथं मिळतात जुनी हत्यारं, कुलपं, कानशी, स्पॅनर. मला तो बाजार फार आवडतो, पण मालासाठी नाही, हत्यारांसाठी. जुनी चांगल्या पोलादाची कानस नव्या स्वस्त कानशीपेक्षा केव्हाही सरस.

आता धातू ओळखणं. खिशात दोरीला बांधलेलं चुंबक ठेवा, फुटक्या स्पीकरमधलं चालतं. चिकटलं तर लोखंड किंवा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बिडाची मोडलेली कड करडी, रवाळ दिसते, आणि ते वेल्डिंगला त्रास देतं, नवख्यानं नट-बोल्टनंच जोडावं. चिकटलं नाही आणि हलकं लागलं तर जर्मन. चिकटलं नाही, जड आहे आणि चमक पांढरी, तर बहुतेक स्टेनलेस. ते 202 प्रतीचं का 304, याची चर्चा गोदामात खूप होते, घरातल्या दिव्याला दोन्ही चालतं. पिवळं दिसलं म्हणून पितळ समजू नका, लोखंडावर पिवळं पासिव्हेशन (गंज रोखणारा थर) केलेले बोल्ट पोत्यानं असतात. तिथं चुंबक लावा, चिकटलं की भाव लोखंडाचा. आणि राखाडी, जड, चुंबकाला न लागणारा, नक्षीदार ओतलेला तुकडा, म्हणजे कार्ब्युरेटर किंवा कुलपाचा सांगाडा, तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा. जस्त 420 अंशांच्या आसपासच वितळतं. त्याला वेल्डिंगची ज्योत लावली की खाली गळून पडतो.

कडकपणाही बघा. मी सुरुवातीला बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या चाळीस किलो घेतल्या. आरशासारखी चमक, एकसारखा आकार. घरी आणून भोक पाडायला लागलो तर तीन ड्रिल मोडले आणि कडीवर ओरखडा नाही. बेअरिंगचं पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं, साध्या ड्रिलला दाद देत नाही. गोदामातच कानस घासून बघायची: चावली तर घ्या, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर भोक पडणार नाही हे धरूनच डिझाइन करा. त्या चाळीस किलोंचं शेवटी मी तारेनं गुंफून मेणबत्तीदान केलं. स्प्रॉकेटचे दाते कडक असतात, पोट मऊ असतं, तिथं भोक पडतं.

आता ज्यात चूक झाली तर दुरुस्ती नाही, त्या गोष्टी. झाकण बंद असलेला कुठलाही ड्रम ग्राइंडरनं किंवा गॅसनं कापू नका. थिनर, डिझेल, रंग, काहीही असो, रिकामा दिसतो पण आत वाफ असते, आणि ठिणगी पडली की ड्रम बॉम्बसारखा फुटतो. एकदा पाण्यानं खंगाळला म्हणून तो सुरक्षित होत नाही. कीटकनाशकाचे ड्रम तर फुलझाडाच्या कुंडीलाही घेऊ नका. मोटारसायकलचे नि गाडीचे शॉकअप, गॅसवर उघडणाऱ्या डिकीच्या दांड्या, दाबलेल्या स्प्रिंगा, यांत दाब असतो, कापायच्या नाहीत. तांब्यासाठी वायर जाळायची नाही, प्लास्टिकचा तो धूर विषारी असतो, सुरीनं सोला. जुनी बॅटरी फोडायची नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे जीआय, बंद खोलीत वेल्डिंग करायचा नाही. हे मला माहीत होतं, तरी मी केलं. एक फूल, दोन पाकळ्या, पाच मिनिटांचं काम, कशाला बाहेर न्यायचं! संध्याकाळी घशात गोडसर चव आली, रात्री हुडहुडी भरून ताप. बायकोनं मलेरिया समजून रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट स्वच्छ, आणि दुसऱ्या दिवशी ताप गायब. जस्ताच्या धुराचा ताप असाच येतो नि जातो. मुलामा आधी घासून काढायचा, तोंडावर योग्य मास्क लावायचा, आणि काम उघड्यावर करायचं.

एक गोष्ट क्वचित घडते, पण सांगून ठेवतो. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात काही लोक एकाएकी आजारी पडले, त्वचा काळी पडली, केस गळले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं पडून असलेलं एक उपकरण लिलावात विकलं गेलं होतं, त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-60 होता. भंगारवाल्यांनी ते सोलून काढलं. एका माणसाचा जीव गेला. कारखान्यांतही टाकीतली पातळी मोजायला असे स्रोत वापरतात. आकाराच्या मानानं भलतंच जड, शिशाचं कवच असलेलं डबडं आणि त्यावर पिवळ्या पाटीत तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर हात लावू नका. मालकाला सांगा, पोलिसांना सांगा आणि तिथून लांब व्हा.

चोरीच्या मालाचं. कंपनीतला ओळखीचा कामगार डब्यातून दोन पार्ट आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. त्याची नोकरी जाते आणि चोरीचा माल बाळगल्याचं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं 317, तुमच्याही गळ्यात पडतं. शिवाय रिजेक्ट झालेला पार्ट अख्खा बाहेर येणं कंपन्यांना चालत नाही, तो नकली माल म्हणून बाजारात जाऊ शकतो, म्हणून गोदामात येण्याआधी किंवा आल्यावर त्याला वाकवतात नाहीतर काप मारतात. चकचकीत अख्खे नवे पार्ट स्वस्तात दिसले तर आनंद मानू नका, प्रश्न विचारा. रुळाच्या क्लिपा आणि रेल्वेचा शिक्का असलेलं काहीही घेऊ नका, त्याला 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. आणि आपल्या भागातली सगळ्यात वाईट चोरी म्हणजे विहिरीवरच्या मोटारींचं तांबं नि महावितरणच्या तारा. तांब्याची वेटोळी सुट्टी, बिनबिलाची, शेतातल्या मातीसकट दिसली तर ती कुणाच्या तरी रब्बीवर पाणी फिरवून आली असणार. माझ्या गावी हे दोनदा झालंय. मी तांबं फक्त बिलावर घेतो.

बिल लहान खरेदीलाही मागा. तुमच्या नावावर जीएसटी नंबर असेल आणि विकणारा नोंदणीकृत नसेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून धातूच्या भंगारावरचा कर तुम्हाला भरावा लागतो, हे तुमच्या कर सल्लागाराला विचारून घ्या. नंबर नसेल तर हा विषय सोडा.

घरी आणल्यावर पहिलं काम तेल काढायचं. मशीनवर धातू कापताना वापरलेलं तेल रंगाला चिकटू देत नाही. रॉकेल किंवा डिझेलनं ब्रश मारून, मग भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्यात. कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, जर्मनला मुळीच नाही, ते फसफसून हायड्रोजन सोडतं आणि तुकडा खाऊन टाकतं. गंजाला निंबूसत्व बरं. एका बादलीला दोन-तीन मुठी, रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि उन्हात लगेच वाळवा. तासभर ओलं ठेवलं तर डोळ्यांसमोर पुन्हा तांबूस होतं.

सगळा गंज काढायचा की नाही, हा तुमच्या नजरेचा प्रश्न. मी बहुतेक वेळा सुटा गंज काढतो, बसलेला राहू देतो आणि वरून मॅट लॅकर मारतो. काळा रंग हवा असेल तर आपल्याकडं घरात असलेलं करडईचं तेल घ्या. तुकडा तापवून पातळ, अगदी पुसून काढल्यासारखा हात फिरवा, थंड झाला की पुन्हा. तीन-चार हातांनी तव्यासारखा काळा, कोरडा थर बसतो. जवसाचं तेल आणखी चांगलं वाळतं. पण या तेलांच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. त्या स्वतःहून तापतात आणि पेटतात. पसरून बाहेर मोकळ्या हवेत वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माझ्या शेडमध्ये याच कारणानं एक पोतं धुमसलं होतं, रात्री कुत्र्यानं भुंकून उठवलं म्हणून वाचलो.

तुम्ही शाळेत शिकवता, म्हणून एवढं जास्तीचं: मुलांच्या हातात द्यायचा माल वेगळा निवडा. वॉशर, नट, चेनच्या कड्या, पंचमधून पडलेल्या गोल टिकल्या. टिकल्यांची एक कड गुळगुळीत असते नि दुसरी धारदार, धार आधी घालवा. सिमेंट ढवळायच्या लहान ड्रममध्ये वाळू नि टिकल्या घालून अर्धा तास फिरवल्या की त्या नदीतल्या गोट्यांसारख्या होतात. कुठल्याही गवंड्याकडं रविवारी तो ड्रम मोकळाच असतो.

पुढच्या वेळी याल तेव्हा सकाळी दहाच्या आत गोदामात पोचा, दुपारी दाबयंत्र सुरू होतं. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, पायात जाड बूट, चामडी हातमोजे, चुंबक, जुनी कानस, टेप आणि सिमेंटची दोन रिकामी पोती एवढं बरोबर असू द्या. पहिल्या खेपेला वीस किलोच्या वर घेऊ नका, तेवढंच परभणीच्या एसटीत चढवताना कंडक्टर दहा वेळा बघेल. धारेचे काठ पोत्यातून बाहेर येत नाहीत ना, हे बसस्टँडवर बघण्यापेक्षा गोदामातच बघा, आणि निघताना त्या निवडणाऱ्या मावशींना तुम्हाला हवा असलेला एक तुकडा देऊन या.